शेंदूर नाही, सुरुंग

आपल्याकडे रस्त्याकडेला एखादा उभा दगड बेवारस दिसला, की आठवड्याभरात त्याला शेंदूर लागतो, महिन्याभरात वर पत्रे पडतात आणि वर्ष संपायच्या आत विश्वस्तांत भांडणं. अमेरिकेत ही सोय नाही. तिथे दगडाला थेट सैतान ठरवतात.

जॉर्जिया राज्यातलं एल्बर्टन हे गाव स्वतःला ग्रॅनाइटची जागतिक राजधानी म्हणवून घेतं. मुख्य धंदा थडग्यांच्या दगडांचा. जून 1979मध्ये तिथल्या एका कारखान्यात एक गृहस्थ आले. नाव सांगितलं आर. सी. ख्रिश्चन, आणि हे आपलं खरं नाव नव्हे, हेही सांगून टाकलं. त्यांना एक प्रचंड स्मारक हवं होतं. कुणाच्या वतीने, ते विचारायचं नाही. कारखान्याचे प्रमुख जो फेंडली यांना वाटलं, गिऱ्हाईक सटकलेलं आहे. टळावं म्हणून त्यांनी अवाच्या सवा भाव सांगितला म्हणतात. गृहस्थांनी घासाघीस न करता मान्य केला! संशय खरं तर इथेच यायला हवा होता.

22 मार्च 1980 रोजी अनावरण झालं. उंची 19 फूट, वजन सुमारे 107 टन. चार उभ्या शिळांच्या आठ बाजूंवर आठ भाषांत दहा उपदेश. त्यांत हिंदी होती. माथ्यावरच्या शिळेवर संस्कृतही. म्हणजे आपली देवनागरी दोनदा.

पहिलाच उपदेश असा, की मानवजात 50 कोटींच्या आत ठेवा. आता गंमत बघा. 1981च्या जनगणनेत एकट्या भारताची लोकसंख्या 68 कोटी. हिंदीत वाचायला जो जाईल, त्याच्याच देशाने आख्ख्या जगाचा कोटा संपवलेला. पुढे क्षुल्लक कायदे आणि निरुपयोगी अधिकारी टाळा, असाही एक उपदेश होता. तो आपल्याकडे बिनविरोध मंजूर झाला असता, अर्थात मंत्रालय सोडून.

तिकडे मात्र लोक पहिल्यावरच अडले. उरलेल्या चारशे कोटींचं काय करणार, हा प्रश्न काही अगदीच वेडगळ नव्हता. पण उत्तर शोधायला मंडळी निघाली ती गुप्त संघटनांत, जागतिक कटांत आणि नरकात. 2008मध्ये शिळांवर रंग फासून झाला. 2022मध्ये कँडिस टेलर या बाईंनी रिपब्लिकन पक्षाकडून गव्हर्नरपदाची उमेदवारी मागताना हे सैतानी दगड पाडण्याचं वचन दिलं. पक्षाच्या मतदारांनी त्यांना साडेतीन टक्क्यांच्या आसपास मतं दिली.

6 जुलै 2022च्या पहाटे कुणीतरी स्फोट केला. उडाली ती नेमकी एका बाजूला स्वाहिली आणि दुसऱ्या बाजूला हिंदी असलेली शिळा. एल्बर्टनमध्ये ती वाचू शकणारे किती असतील? इंग्रजी शिळा, जिच्यामुळे हा सगळा संताप उसळला, ती उभीच होती. मग धोकादायक झालं म्हणून उरलेलं सरकारी यंत्रणेनेच त्याच दिवशी पाडलं. 42 वर्षांचा वाद, निकाल एका दिवसात! आपल्याकडे एवढ्या वेळात पंचनाम्याला कागद मिळत नाही.

तसा या गावाचा हात जुना. 1898मध्ये तिथे अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा बसवला. तो उत्तरेकडच्या शत्रूसारखा दिसतो म्हणून 1900मध्ये लोकांनी ओढून पाडला आणि पुरला. 1982मध्ये उकरून काढला, गाड्या धुण्याच्या केंद्रात नेऊन धुतला आणि संग्रहालयात आडवा ठेवला. तेव्हा या दगडांनीही निराश होऊ नये.

जवळच्या माहितीफलकावर कालपेटीचा उल्लेख होता. पुरल्याची आणि उघडायची, दोन्ही तारखा कोऱ्या. सगळं पाडल्यावर खाली खणून पाहिलं. पेटीबिटी काही नव्हतं. जमीन आधीच्या मालकांना परत गेली, दगड ग्रॅनाइट व्यावसायिकांच्या संघटनेकडे. स्फोटानंतर तिथून निघालेली मोटार कॅमेऱ्यात दिसली होती. वर्षं उलटली, अटक कुणालाही झालेली नाही.