भाव फुटला का?

ऑक्टोबरात ओझरच्या शिवारात द्राक्षाची गोडी छाटणी सुरू होते आणि नेमक्या त्याच दिवसांत एखाद्या घरात बारावीचं पोरही छाटणीला येतं. छाटणीपासून काढणीपर्यंत द्राक्षाला चारेक महिने लागतात. पोराच्या अर्जाला पहिली मुदत १ नोव्हेंबर, दुसरी १ जानेवारीच्या आगेमागे, निकाल मार्चअखेर. म्हणजे द्राक्षाचे कंटेनर बंदराकडे निघतात तेव्हाच पोराचा मालही पास की नापास ते कळतं. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी निफाड तालुक्याला विचारून हे वेळापत्रक ठरवलं नसावं.

समजा, पोराचे वडील एचएएलमध्ये आहेत. १९६४ मध्ये सोविएत मदतीने मिग विमानं बांधायला हा कारखाना उभा राहिला आणि गावाला ‘ओझर मिग’ हे नाव चिकटलं. वडिलांची नोकरी सुखोईच्या सांगाड्याखाली गेली, आजोबांचा, म्हणजे आबांचा, जन्म द्राक्षबागेत गेला आणि चिरंजीवांनी जेवताना जाहीर केलं, ‘मला एमआयटी करायचंय.’ वडील खूश झाले. कोथरूडला आत्याचं घर होतंच. ‘ते नाही, बॉस्टनजवळचं,’ म्हटल्यावर ताटातली भाकरी ताटात राहिली.

मग काऊन्सिलर आला. हल्ली तो लॅपटॉपमधूनच येतो. त्याची फी ऐकून वडील पाणी प्यायला उठले. पोराने दहावीचे ९६ टक्के सांगितले. काऊन्सिलरने ते कचरा बाजूला सारावा तसे सारले. टक्के सगळ्यांनाच असतात. २०२४ च्या प्रवेशासाठी एकट्या हार्वर्डकडे ५४ हजार ८ अर्ज आले आणि घेतले १ हजार ९३७. ‘तुझी स्टोरी काय? संघर्ष काय?’ साडेसहाशे शब्दांच्या निबंधात मावेल एवढं दुःख हवं होतं. घरभर शोधाशोध झाली. आजीने आपला गुडघा देऊ केला. वडिलांची धट्टीकट्टी प्रकृती प्रथमच घराच्या आड आली. हा विनोद वाटत असेल तर २०२४ मध्येच पेन्सिल्वेनियातल्या लीहाय विद्यापीठात काय घडलं ते आठवावं. एका भारतीय विद्यार्थ्याने जिवंत वडिलांचा मृत्यूचा दाखला बनवून प्रवेश आणि मदत मिळवली होती. तो पकडला गेला. पितृभक्तीच्या देशात बापाने पोरासाठी एवढं तरी करायला हवं, असं त्याला वाटलं असणार.

अर्जात उपक्रमांचे रकाने दहा. प्रत्येकात वर्णनाला दीडशे अक्षरं, रिकाम्या जागांसकट. काऊन्सिलर म्हणाला, संस्था काढ, ‘फाउंडर’ लिहिता येतं. विषय पाण्याचा घे, तिकडे आवडतो. आता ओझरला पाण्याची संस्था काढणं म्हणजे नाशिकला चिवड्याचं दुकान काढणं. वाघाड धरणाच्या कालव्याचं पाणी टोकाच्या शेतांपर्यंत पोचत नव्हतं, तेव्हा बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रातर्फे शेतकऱ्यांना गोळा करून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथे पाणीवापर संस्था उभ्या केल्या. मोजून पाणी घ्यायचं, पट्टी भरायची. आबा त्या बैठकांना सतरंजीवर बसलेले. पुढे अख्ख्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. पण त्यात पोर फाउंडर नव्हतं. त्याने तीन मित्र आणि एक लोगो घेऊन नवी संस्था काढली. तिचं एकूण सिंचनक्षेत्र म्हणजे टाउनशिपमधली दोन कडुलिंबाची रोपं. दीडशे अक्षरांत ती छान मावली. वाघाड मावलं नसतं.

शिफारसपत्राची गंमत वेगळीच. तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या शिक्षकाने लिहावं, अशी अट. अकरावी-बारावीला पोराचं नाव एका कॉलेजात आणि पोर दिवसभर क्लासमध्ये, ही आपल्याकडची रीतच. सरांनी त्याला जवळून पाहिलं ते प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही करताना. त्यांनी सज्जनपणे विचारलं, ‘काय लिहू? तूच लिहून आण, मी शिक्का मारतो.’ त्या पत्रात पोराच्या नम्रतेचं फार कौतुक होतं.

खर्च वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या वर. परदेशी मुलाची ऐपत न बघता निवड करणारी आणि लागेल तेवढी मदत देणारी विद्यापीठं मोजकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ आणि आणखी थोडी. त्या मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म भरायचा. त्यात घराची किंमत, जमीनजुमला, उत्पन्न सगळं विचारतात. आबांनी सातबारा आणून टेबलावर पसरला. त्यावर आबा, दोन चुलत आजोबा, एक वारलेली आत्या आणि सोसायटीचा बोजा. ‘यातली तुमची मालमत्ता किती?’ हा प्रश्न या खानदानात तीस वर्षं कोणी मोठ्याने विचारलेला नव्हता. अमेरिकेने विचारला आणि धाकट्या चुलत आजोबांनी मोजणी मागितली.

याआधीही एका मराठी घरातून असा अर्ज गेला होता. गोपाळराव जोशींनी १८८० मध्ये बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. ते त्याने आपल्या मासिकात छापलं आणि न्यू जर्सीच्या श्रीमती कार्पेंटर यांनी ते दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं. तेवढ्या वशिल्यावर आनंदीबाई १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत, म्हणून शिकायचंय, एवढंच त्यांनी कॉलेजला कळवलं होतं. आजचा काऊन्सिलर म्हणाला असता, मुद्दा बरा आहे, पण लीडरशिप दिसत नाही.

२०१० मध्ये युरोपने क्लोरमेक्वाट या औषधाच्या अंशावरून आपली द्राक्षं अडवली तेव्हापासून आबांचा अंश या शब्दावर राग आहे. पोराचा निबंध सातव्यांदा दुरुस्त झाला, तेव्हा त्यांनी विचारलं, ‘यात तुझा अंश किती राहिला रे?’

शिवाय प्रवेश मिळालाच तर मुंबईच्या वकिलातीत उलटं नाटक करायचं. अमेरिकन कायदा व्हिसा मागणाऱ्याला आधी कायमचा येणाराच समजतो. तसं नाही हे त्याने पटवायचं. निबंधात जग बदलायला निघालेल्या पोराने खिडकीपाशी शपथेवर सांगायचं की शिकून झालं की आपण ओझरला परत येणार. २०२५ पासून सोशल मीडियाची खातीही उघडी ठेवायची आहेत. पोराच्या खात्यावर दोन कडुलिंबाचे एकोणीस फोटो आहेत.

मार्चअखेरीस निकाल लागला तो आपल्याकडच्या पहाटे साडेचारला. आबा मोटार चालू करायला उठलेच होते. पोराच्या खोलीत उजेड दिसला म्हणून दारात थांबले.

‘काय रे, भाव फुटला का?’

‘वेटलिस्ट, आबा.’

आबांनी अर्थ विचारला, त्याने सांगितला. आबांनी बॅटरी या हातातून त्या हातात घेतली. ‘म्हणजे व्यापारी बाग बघून गेला, माल छान म्हणाला, आणि गाडी पाठवीना,’ ते म्हणाले. ‘इसार दिलाय का काही?’

‘उलट आपणच पंच्याऐंशी डॉलर भरलेत.’

लाइट सहालाच जाणार होती. आबा चपला शोधत बाहेर पडले.