मोत्याचा खजिनदार

आरोग्यविम्याच्या करसवलतीत बायको बसते, मुलं बसतात, आईवडील बसतात. कुत्रा बसत नाही. ही मौलिक माहिती मी शेजारच्या रिक्षावाल्या भाऊंना दिली, तेव्हा त्यांचा मोत्या आंब्याची कोय गिळून आडवा पडला होता आणि भाऊ माझ्याकडे माहिती नव्हे, पैसे मागायला आले होते.

जवळच्या दवाखान्यात ऑपरेशनचा आकडा ऐकल्यावर भाऊंना रिक्षाचा हप्ता आठवला. मला माझं समाजकार्य. "वर्गणी काढू की!" मी गरजलो. २०२४च्या जूनमध्ये रतन टाटांनी एका आजारी कुत्र्यासाठी रक्तदाता हवा म्हणून इन्स्टाग्रामवर लिहिलं आणि दाते मिळालेही. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. वसईतला माझा दबदबा त्या रात्री मोजला गेला.

आधी हात जोडलेले आले. मग "एरंडेल पाजा" आलं. (डॉक्टर ओरडले, अडकलेल्या कोयीवर जुलाब दिला तर आतडं फाटेल.) सेक्रेटरींनी विचारलं, मोत्याचा मेंटेनन्स कोण भरतं? एकावन्न रुपये देणाऱ्या काकांना पुरावा हवा होता, म्हणून मी एक्स-रे टाकला. तिथंच घात झाला. कोय हापूसची की पायरीची, यावर ग्रुप मध्यरात्रीपर्यंत पेटला. राजापुरीवाल्यांनी तर आकारावरून शपथाच घेतल्या. पैसे मात्र आले ते बाजारातल्या मासेवाल्या मावशींकडून. त्या ग्रुपवर नाहीत, त्यामुळे त्यांना मत नव्हतं.

तरीही रक्कम तोकडीच. शेवटी डॉक्टरांनीच परळचं नाव काढलं. तिथलं जनावरांचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३पासून धर्मादाय चालतं. गिरणीमालक पेटिटांच्या पत्नीचं नाव त्याला आहे. म्हणजे माझ्या समाजकार्याच्या सव्वाशे-दीडशे वर्षं आधीच कुणीतरी हे काम नीट करून ठेवलं होतं.

आता जायचं कसं? भाऊंची रिक्षा वांद्र्यापुढे चालत नाही. मग दादरच्या फुलबाजाराला निघालेल्या टेम्पोत, सोनचाफ्याच्या करंड्यांमध्ये मोत्याला झोपवलं. भाऊ त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. खजिनदार म्हणून मी हिशेबाची वही धरून बसलो आणि वाटभर शिंकत राहिलो. परळला पोचल्यावर कंपाउंडरने आधी मलाच विचारलं, "काय होतंय?"

कोय निघाली. बिल इतकं कमी आलं की वर्गणीतले पैसे उरले. गरीब माणसाच्या कुत्र्याला पैसे कमी पडले तर लोक हळहळतात. उरले तर मात्र खजिनदाराकडे बघू लागतात. पुढच्या आजारी जनावरासाठी ठेवू म्हटलं, तर बी विंगमधून एक पोपट लगेच दाखल झाला, नैराश्याची तक्रार घेऊन.

एकावन्नवाल्या काकांनी आपल्या वाट्याचे उरलेले परत मागितले. त्रैराशिक मांडून अठरा रुपये चाळीस पैसे निघाले. मी अठरा पाठवले.

चाळीस पैशांचा विषय आता वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आहे.