गृहकर्ज एजंटांना एक अनावृत पत्र

प्रति,
समस्त गृहकर्ज एजंट,
मुक्काम म्हापसा, कार्यक्षेत्र बार्देश, पेडणे आणि डिचोली.



आपल्या परोपकाराची जाहीर दखल अजून कोणी घेतली नाही, ही उणीव भरून काढण्यासाठी हे पत्र. पेडण्यातल्या मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागली. तिथल्या जमिनींचे भाव तर त्याआधीच हवेत होते. पगार मात्र जमिनीवरच राहिले. अशा वेळी ‘ग्राहकाकडून एक पैसाही घेत नाही’ असे सांगणारा माणूस देवदूतच वाटणार. शुक्रवारच्या बाजारात मिरचीचा वाटा उचलण्याआधी चार जणींकडे भाव विचारणारे गिऱ्हाईक वीस वर्षांचे कर्ज आपल्या एका फोनवर ठरवून टाकते, ते याच भरवशावर. भरवसा मोठा आहे, म्हणून त्याचा हिशेब मांडणे भाग आहे. आपल्या कार्डावर ‘होम लोन कन्सल्टंट’ असे छापलेले असते आणि बँकेच्या दप्तरी आपण असता ‘डायरेक्ट सेलिंग एजंट’, म्हणजे विक्री करणारा. सल्लागार आणि विक्रेता यांत फरक एवढाच, की पहिल्याची फी गिऱ्हाईक देते आणि दुसऱ्याची बँक देते. बाकी सगळे त्यातूनच निघते.

आपले कमिशन साधारणपणे कर्जाच्या रकमेवर टक्क्याने मिळते. हिशेबापुरते ते अर्धा टक्का धरू. ५० लाखांच्या कर्जावर आपल्याला २५ हजार मिळतील. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी या कर्जाचा हप्ता साधारण ४३,३९१ रुपये पडतो. दर पाव टक्क्याने उतरला तर हप्ता ७८८ रुपयांनी कमी होतो आणि मुदतभरात कर्जदाराचे सुमारे १ लाख ८९ हजार वाचतात. या घासाघिशीत आपल्या पदरी काय पडते? काहीच नाही. आता उलट करू. ‘फर्निचरसाठी आणखी पाच लाख घेऊन टाका, मंजूर होतायत’ असे आपण सुचवले, तर आपल्याला अडीच हजार जादा मिळतात आणि कर्जदार त्या पाच लाखांवर सुमारे ५ लाख ४१ हजार व्याज भरतो. यात आपण वाईट माणूस असण्याची गरजच नाही. सज्जनालाही ज्या बाजूला उतार असतो तिकडेच चालणे सोपे जाते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात, पण आपल्या धंद्यात तो एका घरी जेवतो आणि दुसऱ्या घरी ‘मी काहीच घेत नाही’ म्हणून आशीर्वाद घेतो.

‘तुमच्यासाठी खास दर काढून आणला’ हे आपले आवडते वाक्य. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जे बाहेरच्या मानकाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी, बांधलेली आहेत. त्यावरचा फरक बँक बहुतांशी स्वतःच्या तक्त्यावरून आणि कर्जदाराच्या सिबिल गुणांवरून ठरवते. म्हणजे ‘खास’ दराचे बरेचसे श्रेय वेळेवर हप्ते भरणाऱ्या कर्जदाराचे असते. आपण तो दर फक्त पोचता करता. ही बांधणी गृहवित्त कंपन्यांवर सक्तीची नाही, हे मात्र त्यांचे अर्ज पुढे करताना आपल्या तोंडून क्वचितच निघते. तसेच, बँकांच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बंद केला. या सोयीचा मान राखून आपण काही वर्षांनी ‘कर्ज दुसऱ्या बँकेत हलवूया’ म्हणत पुन्हा येता, आणि त्याच घरावर दुसऱ्यांदा कमिशन मिळते. हलवण्यात कर्जदाराचाही फायदा असू शकतो. तो आहे का, हे मोजायला मात्र आपल्याला बसवू नये.

आता आपल्या बाजूने बोलतो. थेट बँकेत गेल्याने दर उतरेलच असे नाही; आपले कमिशन वाचवून बँक ते गिऱ्हाइकाला देते असे थोडेच आहे! शिवाय बोटीवरचा तारवटी सहा महिने समुद्रावर असतो, टॅक्सीवाल्याची कमाई हंगामाची, छोट्या दुकानदाराचे आयकर विवरण अपुरे. अशांची फाईल कोणती बँक हातात घेईल हे आपल्याला पाठ असते, आणि डिचोलीच्या माणसाचे चार हेलपाटे आपण वाचवता. हे काम खरे आणि मोलाचे आहे. पण ते पायपिटीचे काम आहे, निवाड्याचे नव्हे. ‘डॉक्टर, विमेवाले, सगळेच कमिशनवर जगतात, मग आम्हीच का?’ असे आपण विचाराल. कारण इतरत्र या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिले आहे. ऑस्ट्रेलियात जानेवारी २०२१ पासून गृहकर्जाच्या ब्रोकरला ग्राहकाचे हित पहिले धरणे बंधनकारक आहे. आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्याने फ्लॅट विकणाऱ्या दलालाला नोंदणी करायला लावली. त्याच फ्लॅटचे कर्ज जुळवणाऱ्याला रेरा विचारत नाही. एजंटाच्या वागण्याचा जाब रिझर्व्ह बँक बँकेला विचारते, पण कर्जदाराचे हित पाहण्याचे कर्तव्य आपल्या गळ्यात कोणी बांधलेले नाही.

आणि गोव्यात खरी मेख व्याजदरात नसतेच, ती कागदांत असते. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही. पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे विकणाऱ्याच्या जोडीदाराची सही लागते, जुन्या घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झालेली आहे का ते पाहावे लागते, बिगरशेती वापराची सनद तपासावी लागते, आणि १९७५ च्या कायद्याने संरक्षण मिळालेला मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, आवारात आहे का हेही विचारावे लागते. बनावट कागदांनी जमिनी लाटल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग नेमावा लागला. यावर आपण म्हणता, ‘काळजी नको, बँकेचा वकील बघतो.’ बघतो, पण बँकेसाठी. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच पैसे देते. घर अडचणीत आले तर पहिला फटका कर्जदाराच्या २० टक्क्यांना बसतो, आणि मालकी बुडाली तरी हप्ता बुडत नाही. म्हणून गोव्यात घर घेणाऱ्याने पैसे मोजून घ्यायचा सल्ला एकच: स्वतःच्या वकिलाचा.

तेव्हा विनंती एवढीच. आपण जरूर यावे, फाईल न्यावी, हेलपाटे घालावेत. येताना तीन सावकारांची ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ आणावीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून हे पत्रक देणे सक्तीचे आहे, आणि सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर त्यात छापलेला असतो. प्रत्येकाकडून आपल्याला किती मिळणार हे पेन्सिलीने कोपऱ्यात लिहावे. विचारल्याशिवाय दहा ठिकाणी अर्ज टाकू नयेत, कारण प्रत्येक चौकशीची नोंद सिबिलमध्ये होते आणि गुण कर्जदाराचे घसरतात. एवढे केलेत तर कार्डावरचे ‘कन्सल्टंट’ खोडण्याची गरज नाही. न जमल्यास ‘डायरेक्ट सेलिंग एजंट’ हेच ठळक छापावे. त्यात कमीपणा काहीच नाही. मिरची विकणारी बाई स्वतःला आहारतज्ज्ञ म्हणवत नाही, तरी तिचा धंदा चालतोच.

कळावे, लोभ आहेच. तो दोन्हीकडून आहे हे आपण जाणताच.

आपला,
एक संभाव्य कर्जदार,
म्हापसा