हेच आग्रहाचे निमंत्रण

भाचीला कॉलेजात गृहपाठ मिळाला होता. मन वळवणारा कुठलाही मजकूर घ्यायचा आणि लिहिणारा स्वतःची पत कुठे वापरतो, भावनेला हात कुठे घालतो नि मुद्दा कुठे मांडतो, ते तीन रंगांनी अधोरेखित करायचं. ॲरिस्टॉटलने हे तीन मार्ग सांगितले त्याला तेवीसशे वर्षं झाली. इथॉस, पॅथॉस, लोगॉस.

"मामा, एखादं जबरदस्त भाषण सुचव ना."

भाषण कशाला? पुतण्याच्या लग्नपत्रिकेचा मजकूर करायचं काम त्याच आठवड्यात माझ्या गळ्यात पडलं होतं ('तू लिहितोस ना काहीबाही' एवढ्या पात्रतेवर). नमुन्यादाखल जमवलेल्या बावीस पत्रिका टेबलावरच होत्या. पेन्सिली घेऊन बसलो.

निळा रंग पतीचा. नवऱ्याच्या नव्हे, पत या अर्थी. पत्रिकेचा वरचा निम्मा भाग निळाच झाला. आधी गणपती, मग कुलस्वामिनी, मग ग्रामदैवत. देव संपले की कै. आजोबा. एका पत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती'खाली आजी-माजी आमदार, झेडपी सदस्य, साखर कारखान्याचे संचालक असे एकेचाळीस 'मा.' मोजले. नवरीचं नाव शोधायला चष्मा लागला. बोलणाऱ्याचं चारित्र्य हेच जवळजवळ सर्वांत परिणामकारक साधन, असं ॲरिस्टॉटलही म्हणतो. फक्त ते आधीच्या लौकिकातून नव्हे, बोलण्यातूनच उमटावं अशी त्याची अट होती. आमच्याकडे ते फोटोतून उमटतं.

लाल रंग भावनेचा. त्यासाठी शोधाशोध करावी लागत नाही, तळाशी 'किलबिल' असतेच. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' असं बजावणाऱ्या सात जणांपैकी एक अडीच महिन्यांचं होतं. त्याला अजून मान धरता येत नाही, पण आग्रह धरता येतो.

हिरवी पेन्सिल मात्र टोक न झिजता राहिली. मुद्देसूद म्हणावं असं काय, तर मुहूर्त: दुपारी 12 वाजून 27 मिनिटे. साडेबारा म्हटलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

मग मी आपल्या लोकांकडे वळलो. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत युक्तिवादाचे पाच अवयव आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघर. इथेही तसाच धूर आहे. म्हणून डोंगरावर आग आहे. हे पत्रिकेला लावून पाहिलं तर प्रतिज्ञा ठणठणीत निघाली: आपण सहकुटुंब सहपरिवार यावे. हेतू? बावीस पत्रिकांत एकीतही नाही. का यावे, हे कुणीच लिहीत नाही!

ही उणीव मी भरून काढली. 'आपण यावे, कारण मुलगा गुणी आहे, कार्यालय स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आहे आणि आचारी तोच आहे, ज्याची मठ्ठ्याची कीर्ती आपण जाणताच.' हेतू, उदाहरण, सगळं जागच्या जागी. थोरल्या काकांना वाचून दाखवलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"कारणं द्यायला हा काय रजेचा अर्ज आहे?"

"काका, पण माणसाला पटायला नको?"

"पटायचंय काय त्यात? आत्या, वही आण गं."

आत्याने ट्रंकेतून आहेराची वही काढली. 1987 पासूनची. कुणाच्या थोरलीच्या लग्नात आपण स्टीलचा डबा दिला, कुणाच्या मुंजीला कोण फिरकलंच नाही, कुणी एकशे एकचं पाकीट दिलं नि सातजण जेवून गेले, सगळं निळ्या शाईत.

आणि ॲरिस्टॉटलने दुसरीकडे सांगितलेली गोष्ट मला तिथे ट्रंकेशेजारी कळली. डोरिअस ऑलिंपियात जिंकला एवढंच म्हणा, असं तो लिहितो. तिथे बक्षीस म्हणून मुकुट मिळतो हे सांगायला नको, ते सगळ्यांना ठाऊक असतं. युक्तिवादातली एक पायरी गाळायची आणि ती ऐकणाऱ्याला मनातल्या मनात भरू द्यायची. पत्रिकेने तेच केलं होतं. 'आम्ही तुमच्याकडे आलो होतो' ही पायरी छापत नाहीत. ती वहीत असते.

माझा मसुदा रद्द झाला. प्रेसवाल्याकडे मजकूर तयारच होता, त्याने फक्त नावं बदलली आणि शेवटी नेहमीची ओळ टाकली: नजरचुकीने कोणास निमंत्रण पोहोचले नसल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे. ज्याला पत्रिका पोहोचली नाही त्याने ही ओळ वाचायची कशी, असं मी गौतमाच्या वतीने विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि "किलबिलीत तुमचं नाव टाकू का?" एवढंच विचारलं.

भाचीला दहापैकी सहा गुण मिळाले. 'भाषण निवडायला हवे होते' असा शेरा होता. पत्रिका चारशे छापल्या. 12 वाजून 27 मिनिटांच्या अक्षता पडायला सव्वा वाजला आणि पानं उठली साडेसहाशे.