पर हेड काका

लग्न ठरलं की नवरा-नवरी बोहल्यावर चढायच्या कितीतरी आधी घरातला एक माणूस हिशेबाच्या वहीवर चढतो. आमच्याकडे ते काका आहेत. त्यांचं नाव सांगून उपयोग नाही. सानपाड्यापासून खारघरपर्यंतचे हॉलवाले आणि केटरर त्यांना ‘पर हेड काका’ म्हणूनच ओळखतात. एखादी गोष्ट कितीला आली यात त्यांना रस नसतो, डोक्यामागे किती पडली ते सांगा. अक्षता पर हेड, गजरे पर हेड. सनईसुद्धा त्यांनी पर हेड काढायला घेतली होती. ती पेनड्राइव्हवर आहे असं कळलं आणि त्या रकान्यात त्यांनी मोठ्या समाधानाने शून्य मांडलं.

वही म्हणजे बँकेने फुकट दिलेली जुनी डायरी. हिरव्या शाईत लिहिलं म्हणजे ठरलं, लाल शाईत म्हणजे ‘बघू’. काकांच्या ‘बघू’मधून फार थोड्या गोष्टी जिवंत परत आल्या आहेत.

धाकट्या पुतणीने रिसेप्शनला तीन थरांचा केक हवा म्हटलं, तेव्हा काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “का? वाढदिवस कुणाचा आहे?”

तरीही रविवारी ते आम्हाला घेऊन नेरूळच्या केकवाल्या ताईंकडे गेलेच. ताई म्हणाल्या, “6 किलोत छान होईल.” काकांनी डायरी उघडली.

“माणसं 300. म्हणजे डोक्यामागे 20 ग्रॅम. ताई, केक करताय की तीर्थप्रसाद?”

“सगळे कुठे खातात काका! केक फोटोसाठी असतो. खालचे दोन थर डमी घालू, वर फॉन्डंट. खरा फक्त वरचा. स्वस्तात पडेल.”

“डमी म्हणजे?”

“थर्मोकोल.”

“त्याला 2018 पासून राज्यात बंदी आहे.”

“मग पुठ्ठ्याचे घालू.”

“पुठ्ठा वजनात धरणार?”

ताईंनी पाणी आणलं. ते पाणी स्वतःच प्यायल्या.

खरं सांगायचं तर काकांना पैशापेक्षा पुठ्ठा जास्त लागला. 300 लोकांसमोर नवरा-नवरीने पुठ्ठा मांडून उभं राहायचं? आपल्या घराण्यात? हा विषय नेरूळहून घरी आला, दोन दिवस जेवणाच्या ताटाभोवती फिरला, आणि शेवटी काकूंनीच मिटवला. “माझ्या रुखवतात साखरेचं तुळशीवृंदावन होतं. खाल्लं होतंत का तुम्ही? त्याला हात लावू दिला होता का कुणी?”

काका गप्प. तेवढ्यात पुतणीने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं की महायुद्धात साखरेच्या टंचाईमुळे ब्रिटनमध्ये 1940 साली केकवर आयसिंग करायलाच बंदी आली. मग लोक पुठ्ठ्याचा देखणा केक भाड्याने आणायचे, त्याच्याखाली छोटा खरा केक झाकून ठेवायचे. ‘भाड्याने’ हा शब्द ऐकताच काकांचा चेहरा उजळला. राणी एलिझाबेथच्या 1947 च्या लग्नातला नऊ फुटी केकसुद्धा रेशनिंगच्या दिवसांतला, आणि त्याचं सामान ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी पाठवलेलं. “बघा! माल त्यांचा, मजुरी बेकरीची!” दुसऱ्या दिवशी ते वाशीच्या मसाला मार्केटमधून काजू-बदामाचे भाव घेऊन आले. ताईंनी फोनवर हा प्रस्ताव ऐकला आणि लाइन कट झाली. काकांच्या मते नेटवर्क गेलं.

शेवटी तोडगा ताईंनीच काढला. समोर मिरवायला दोन डमी थर आणि वर 2 किलोचा खरा केक. वाटायला आत फॉन्डंटशिवायचे साधे चौकोनी स्लॅब. जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आलाय, हे ताईंच्या आधी काकांनी सांगितलं, आणि असं सांगितलं की जणू कौन्सिलच्या बैठकीला हेच गेले होते. मग म्हणाले, “50 ग्रॅमच्या खाली मी येणार नाही. 16 किलो धरा.”

मी मनात गुणाकार केला. “काका, 300 माणसांना 15 किलो पुरेल. हे 320 होतायत.”

“तू फक्त पत्रिका मोजतोस.” डायरीचं शेवटचं पान त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. हॉलचा वॉचमन, पार्किंगमधली दोन पोरं, बुफेमागचे वाढपी, मेकअपवालीची मदतनीस, जनरेटरवाला, टेम्पोचा ड्रायव्हर. बरोबर 20, आणि सगळं हिरव्या शाईत.

रिसेप्शनला काका स्टेजवर फोटोला नव्हते. ते आत स्लॅबशेजारी उभे राहून कापणाऱ्या पोराला “सरळ काप, तिरका नको” म्हणत होते आणि वाढप्यांना हाक मारून, आधी खाऊन मगच ट्रे उचलायला लावत होते.

पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते. काकांचेही डोळे ओले होते, पण दोन्ही हातांत केकचा स्टँड होता, कारण त्याचं डिपॉझिट परत मिळायचं होतं. पुतणी पायाशी वाकली. डोक्यावर ठेवायला हात मोकळा नाही.

“आशीर्वाद खात्यावर जमा धर,” काका म्हणाले. “आणि गाडीत मागच्या सीटवर डबा ठेवलाय. सासरी 12 हेड आहेत, विचारून घेतलंय मी.”