शून्य चालत नाही

माझा भाचा बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं यशवंतपूरला उतरला तेव्हा त्याच्या बॅगेत दोन इस्त्रीचे शर्ट, मार्कशीटांच्या झेरॉक्स आणि वहिनीनं आमच्यासाठी दिलेला कुंदा होता. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा कॉम्प्युटर सायन्समधला बी.ई., पहिला वर्ग. त्याला बेंगळुरूत मल्लेश्वरममध्ये आमच्या घरी येऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत मुलाबद्दल माझी एकही तक्रार नाही. माझ्या तक्रारी आहेत त्या त्याला भराव्या लागणाऱ्या फॉर्मबद्दल.

अर्जात ‘एकूण अनुभव (वर्षे)’ असा चौकोन असतो. त्यात 0 लिहिलं की चौकोन लाल होतो, रिकामा ठेवला तरी लाल होतो, आणि तो लाल असेपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही. त्याखाली सध्याचा पगार विचारतात, मग नोटीस पीरियड किती दिवसांचा ते. ज्याला अजून कुणी कामावर ठेवलेलंच नाही त्यानं नोटीस द्यायची कुणाला? वर जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘फक्त फ्रेशर्स’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘किमान सहा महिन्यांचा अनुभव आवश्यक’. दोन्ही ओळी एकाच माणसानं लिहिल्या असतील तर त्यानं एकदा सलग वाचून पाहायला हवं होतं.

बॅचचाही जाच आहे. बऱ्याच ठिकाणी यंदा पास झालेल्यांनाच बोलावतात. गेल्या वर्षी पास झालेल्याला अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि आता तो फ्रेशरही उरला नाही.

तरी तो वॉक-इनला जातो. सकाळी संपिगे रोडच्या मेट्रोत बसायचं, आर. व्ही. रोडला उतरून पिवळ्या लाइननं इलेक्ट्रॉनिक सिटी गाठायची. फाटकावर वॉचमनच विचारतो, ‘अनुभव एष्टु?’ तिथूनच दोन रांगा होतात. छोट्या रांगेतली मुलं आत जातात. मोठ्या रांगेतल्यांचे रेझ्युमे एका खोक्यात जमा होतात आणि ‘कळवतो’ म्हणतात. आठ महिन्यांत कुणीही काहीही कळवलेलं नाही. ‘नाही’ असं कळवलं असतं तरी तो दुसऱ्या दिवशी फोन उशाशी न घेता झोपला असता.

एका कंपनीनं घेतलं होतं. तीन महिने बिनपगारी, मग दोन वर्षांचा बाँड, आणि तोवर मूळ मार्कशीट त्यांच्याकडे. भावानं फोनवर स्पष्ट नको म्हटलं, आणि मलाही ते पटलं. बिनपगारी इंटर्नशिप त्यानं आधी एक केलीच होती. पुढच्या फॉर्मवर चौकोनाखाली सूचना होती, ‘इंटर्नशिप धरू नये’.

मग एका क्लासवाल्यानं त्याला बाजूला घेतलं. पैसे भरले तर दोन वर्षांच्या अनुभवाचं सर्टिफिकेट, पगाराच्या स्लिपा, सगळं तयार करून देतो म्हणाला. कंपन्या हल्ली पीएफचं खातं तपासतात, तिथं हे उघडं पडतं. पण भाचा घरी आला तेव्हा पीएफबद्दल काही बोलला नाही. ‘आत्या, मी खोटं नाही लिहिणार,’ एवढंच म्हणाला. मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्या रात्री झोपही आली नाही.

मला हे जास्त लागतं, कारण याच धंद्याची दुसरी रीत मी घरात पाहिली आहे. माझे यजमान मेकॅनिकलचे इंजिनिअर. नव्वदच्या दशकात त्यांना सॉफ्टवेअरमध्ये घेतलं तेव्हा त्यांना प्रोग्रॅमचं अक्षर येत नव्हतं. कंपनीनं चार महिने पगार देऊन शिकवलं. सिव्हिलचे, केमिकलचे कितीतरी जण असेच आले. 1981 मध्ये पुण्यात सात जणांनी 10,000 रुपयांवर सुरू केलेली इन्फोसिस 1983 मध्ये बेंगळुरूला आली, आणि पुढे नव्या मुलांना शिकवायला तिनं म्हैसूरला अख्खं नगर उभारलं. येणारा कोराच येणार आणि त्याला आपणच घडवायचं, हे तेव्हा सगळे धरून चालत. आता शिकवायचं काम दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेलं असावं असं प्रत्येकाला वाटतं. किरकोळ दुरुस्त्या आणि टेस्ट केसेस ही नवख्याची पहिली कामं होती, त्यांतली बरीच आता यंत्र करू लागलं आहे. मग मुलानं हात बसवायचा कुठे?

सोमवारी तो माझ्याबरोबर काडू मल्लेश्वराला येतो. तिथं 1669 चा व्यंकोजी राजांच्या दानाचा शिलालेख आहे, हे मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हा तो थांबून ऐकत होता. आता दर्शन घेतलं की लगेच फोन बघतो.

काल रात्री मी पाणी द्यायला गेले तर पुन्हा तोच चौकोन उघडा. त्यानं 0.1 लिहून पाहिलं, चौकोन हिरवा झाला. थोडा वेळ तो बघत राहिला, मग ते पुसून त्यानं पुन्हा 0 लिहिलं.