काकूंचं निदान

(माहीम. मोरी रोडच्या पोटातली तीन मजली जुनी इमारत, पुढे कॉमन गॅलरी. जुलैतली बुधवारची संध्याकाळ. बुधवार म्हणजे सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाची गर्दी आणि एल. जे. रोडवर हॉर्नचा अखंड नामजप. होणारी आई, सातवा महिना, गॅलरीत आरामखुर्चीवर. पाय स्टुलावर, मांडीवर माहीम हलव्याचा पुडा.)

शेजारच्या काकू : अगं, अगं! कागद काय चाटतेस?

होणारी आई : हलवा संपला, काकू. कागद उरला.

काकू : अख्खा पुडा?

होणारी आई : हलवा निमित्त असतो हो. खरी मजा ह्या बटरपेपरात. कोपऱ्यात नख घालून हळूच उचलायचा. अर्ध्यावर येईपर्यंत शहाण्यासारखा येतो, मग फाटतोच. आणि फाटतो तिथे वेलदोड्याचा एखादा दाणा चिकटून बसलेला असतो. तो दातांनी सोडवायचा. त्या एका दाण्यासाठी मी पुढचा चौकोन उघडते.

काकू : गोड खावंसं वाटतंय. मुलगी!

होणारी आई : गेल्या आठवड्यात चिंच खात होते तेव्हाही तुम्ही मुलगीच म्हणालात.

काकू : आंबटावर वासना म्हणजे मुलगीच.

होणारी आई : आणि परवा ठेचा-भाकरी खाल्ली तेव्हा?

काकू : ठेचा म्हणजे तिखट मुलगी.

होणारी आई : मग मुलगा असला तर बाईला खावंसं वाटतं तरी काय?

काकू : ते मला अजून कोणी विचारलेलं नाही.

(सासूबाई केशर घातलेलं दूध घेऊन येतात. दादरच्या एका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्या आहेत. शाळा सुटली, पण शिकवण्याची सवय सुटलेली नाही.)

सासूबाई : दूध घे. किती उतरलाय चेहरा! मुलगी असली की ती आईचं तेज ओढून घेते.

काकू : उतरलाय? अहो, खुललाय! मुलगी असली की आई खुलते.

सासूबाई : डोळ्यांखाली बघा.

काकू : मी गाल बघते.

होणारी आई : उतरलाय की खुललाय ते तुम्ही दोघी ठरवा आणि मला कळवा. मला फोटो काढून घ्यायचाय.

(खालून आरोळी येते आणि पाठोपाठ कोळीणमावशी जिना चढून येतात. पाटीत सुके बोंबील, जवळा, सुकट. त्यांच्या आधी वास वर पोचलेला असतो. पूर्वी ह्या वासाने होणारी आई न्हाणीघराकडे धावायची. चौथा महिना सरला आणि तेव्हापासून तिला हा वास अत्तराच्या दुकानासारखा वाटतो.)

होणारी आई : मावशी, ओले बोंबील कधी देणार? पाट्याखाली दाबून पाणी काढलेले, रवा लावून तळलेले, काट्यासकट खायचे! रात्री स्वप्नात येतात.

कोळीणमावशी : कुठून आणू गो? होड्या किनाऱ्याला हायत. पापलेट पायजे, बोंबील पायजे, नि पायजे ते जुलैतच पायजे. नारळी पुनव होऊ दे.

होणारी आई : सरकारची मासेमारीबंदी तर 31 जुलैलाच संपते ना?

कोळीणमावशी : सरकारची संपते. दर्याला नारळ गेल्याबिगर आमची नाय संपत.

काकू : ऐकलंत? ओले बोंबील मागतेय. म्हणजे...

होणारी आई : मुलगी.

कोळीणमावशी : मी चार पोरींच्या टायमाला बोंबीलच खाल्ले.

काकू : बघा!

होणारी आई : आणि मुलाच्या वेळी, मावशी?

कोळीणमावशी : तवाबी बोंबीलच. घरात दुसरं होतं काय?

(कोळीणमावशी पावशेर जवळा मोजून देतात, जाता जाता तिच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडतात आणि पुढच्या दारी जातात.)

सासूबाई : जवळा आज करते. पुढे श्रावण लागला की महिनाभर काही मिळायचं नाही.

होणारी आई : श्रावण तुमचा, आई. पोटातल्याचं काय?

सासूबाई : (विचारात पडून) पोटातल्याला अजून सोयर ना सुतक. त्याला चालेल.

काकू : तिला चालेल.

सासूबाई : हो, तिला. जिच्या आईला मध्यंतरी माती खावीशी वाटत होती, तिला काहीही चालेल.

होणारी आई : खाल्ली नाही हं. वास घेतला. तुळशीला पाणी घातलं की कुंडीवर नाक नेऊन बसायचे. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघितलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. ओढ गेली, पण सकाळची तुळशीपाशी बसायची सवय राहिली.

सासूबाई : त्यात लाजण्यासारखं काही नाही. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात राणी सुदक्षिणा माती खाते. तोंडाला मातीचा सुगंध येतो आणि तो घेऊन दिलीपराजाचं मन भरत नाही. चक्रवर्ती राजा! आमचे चिरंजीव तोंडाला वास आला तर च्युइंगगम देतील.

काकू : बघा, कालिदाससुद्धा सांगतो, मुलगी!

सासूबाई : सुदक्षिणेला रघू झाला. मुलगा.

(शांतता. एल. जे. रोडवरचे हॉर्नसुद्धा क्षणभर थांबल्यासारखे वाटतात. काकूंच्या कारकिर्दीतला हा पहिला धक्का.)

काकू : तो कालिदास. मी माहीमची.

होणारी आई : आई, जिजाऊंच्या डोहाळ्यांचं काय सांगतात हो?

सासूबाई : वाघावर बसावं, गडावर चढावं, हाती तलवार घ्यावी. तसे डोहाळे लागावे लागतात.

होणारी आई : मला डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या खिडकीत बसावंसं वाटतं. जुन्या, लाल. काच खाली करून. झाडाची फांदी काचेवर सपकन आपटली पाहिजे आणि कंडक्टर चिमटा वाजवत वर आला पाहिजे.

काकू : मग ने म्हणावं नवऱ्याला.

होणारी आई : कुठून नेणार? जुनी डबलडेकर सप्टेंबर 2023 मध्ये बंद झाली. आता आहे ती एसी. तिची खिडकी उघडत नाही. वाघ मिळेल एक वेळ.

(नवरा येतो. वॉर्ड ऑफिसात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसतो. चर्चच्या गर्दीतून वाट काढत आल्याने शर्ट चुरगळलेला, पण पिशवी सुरक्षित.)

नवरा : कणीस आणलं! गरमागरम, उकडलेलं. वर बटर.

होणारी आई : हे अमेरिकन आहे.

नवरा : गोड असतं ना पण.

होणारी आई : अरे, मी देशी सांगितलं होतं. कोळशावर भाजलेलं, दोन-चार दाणे काळे झालेले, वर लिंबाच्या फोडीने तिखट-मीठ चोळलेलं. खाताना झुंज दिली पाहिजे त्याने. हे काय, तोंडात घातलं की शरण येतं!

काकू : भांडखोर झालीय. मुलगी!

नवरा : काकू, जरा हळू बोला. सोनोग्राफी सेंटरमध्ये पाटी बघितली नाही का? येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे.

काकू : ती पाटी तिथे. इथे एकच पाटी आहे, ‘गॅलरीत चपला काढू नयेत’. ती तू लावलीयस आणि तुझ्याच चपला तिच्याखाली आहेत.

नवरा : 1994चा कायदा आहे, काकू. आणि महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी, 1988 मध्ये केला. देशात पहिला.

काकू : कायदा मशीनवाल्यांना. माझ्याकडे कुठे मशीन आहे? मी आपली डोळ्यांनी बघते.

सासूबाई : त्यातल्या एकात मोतीबिंदू आहे.

काकू : आणि अठ्ठ्याऐंशीचं तू मला सांगू नकोस. त्याच्या दोन वर्षं आधी मी ह्याच गॅलरीत पोट घेऊन उभी होते. तेव्हा लोकलच्या डब्यात राजरोस जाहिराती लागायच्या. आज पाचशे रुपये खर्च करा आणि पुढचे पाच लाख वाचवा, असला हिशेब! शिकलेल्या बायका ती चिठ्ठी पर्समध्ये घालून न्यायच्या. इथे कोणी तोंडाने ‘मुलगी’ म्हणत नव्हतं. काहीही होवो, सुखरूप होवो, म्हणायचे आणि पेढ्यांची ऑर्डर देऊन ठेवायचे. मला मुलगी झाली. आमच्या सासूबाईंनी ऑर्डर रद्द केली. दुकानदार आगाऊ रक्कम परत देईना म्हणून शेवटी पाव किलो आणले.

(कोणी काही बोलत नाही. सासूबाई दुधाचा रिकामा पेला उगाच पदराने पुसतात.)

काकू : मी तेव्हाच ठरवलं. म्हातारी झाले की गॅलरीत उभी राहून मोठ्यांदा ‘मुलगी’ म्हणणार. पोट दिसलं की म्हणणार.

होणारी आई : कुणाचंही?

काकू : गेल्या महिन्यात इस्त्रीवाल्याला म्हणाले. वाईट वाटलं बिचाऱ्याला. चालायला जातो आता रोज सकाळी.

नवरा : आणि शास्त्र बघितलं तर काकू, खाण्यापिण्याचा काही संबंध नसतो. मुलगा की मुलगी हे बापाकडून काय येतं त्यावर ठरतं.

सासूबाई : म्हणजे इतकी वर्षं सगळ्या सासवांनी बोल लावले ते चुकीच्या माणसाला?

काकू : पत्ता चुकला. आता तू उभाच आहेस समोर, घे लावून.

नवरा : मी काय केलं?

काकू : मुलगी.

(होणारी आई कणसाचे दाणे चमच्याने उकरून खाते. शरण आलेलं असलं तरी टाकवत नाही. मध्येच थांबते आणि पोटावर हात ठेवते. नवरा, सासूबाई, काकू, तिघंही पुढे वाकतात.)

होणारी आई : लाथ मारली. बटर आवडलं वाटतं. संध्याकाळची हीच वेळ असते हिची. गोधडी घेऊन इथे पडायचं, पाऊस बघायचा आणि आतून कोण दार वाजवतं ते मोजायचं. दिवसातलं माझं सगळ्यात आवडतं काम.

नवरा : ‘हिची’ म्हणालीस!

होणारी आई : घरात राहून वळण लागलं. ऑफिसात रजेचा अर्ज दिला, त्यातही ‘मुलीच्या जन्मानिमित्त’ लिहून बसले होते. सव्वीस आठवड्यांची रजा त्यांनी मंजूर केली, फक्त तो शब्द तेवढा खोडून मागितला.

सासूबाई : मी गोधडी शिवायला घेतलीय. माझ्या दोन जुन्या सुती साड्यांची. एक अंजिरी, एक मोरपंखी. आधी नवं काही आणायचं नाही, पण जुनं फाडायला कुणाची हरकत नसते. धुऊन धुऊन इतकी मऊ झालीय की सुई आपोआप जाते.

होणारी आई : गुलाबी नको हं काही, आई. सगळे गुलाबी आणणार.

सासूबाई : गुलाबी माझ्याकडे नव्हतीच कधी. शाळेत चालत नव्हती.

काकू : आणि मी आज चर्चच्या बाहेरून मेणाचं बाळ आणलं वाहायला. शीतलादेवीला ओटी कालच बोलले, आज हे. माहीममध्ये राहायचं तर एकाच देवावर भार कशाला? तिथल्या पोराला म्हटलं, मुलीचं दे. म्हणाला, आंटी, साचा एकच आहे.

नवरा : सगळ्यात शहाणा माणूस भेटला तुम्हाला आज.

काकू : तारीख काय दिलीय डॉक्टरांनी?

होणारी आई : गणपतीत. साधारण गौरी येतात त्याच्या आसपास.

काकू : (कप कठड्यावर आपटून) मग अजून काय पुरावा पाहिजे? गौर घरी चालत येतेय! पावलं काढून ठेवा दारापासून.

नवरा : आली की 21 दिवसांत नोंद करायची, एवढं मला माहीत आहे. फॉर्म आणून ठेवलाय.

होणारी आई : नाव मी लिहिणार. आधी तिचं, मग माझं, मग तुझं, मग आडनाव. 1 मे 2024 पासूनचा नियम आहे.

नवरा : मला माहीत आहे. मीच रोज लोकांना समजावतो.

सासूबाई : म्हणजे तू तिसरा.

नवरा : रांगेत उभं राहायची सवय आहे मला.

काकू : बरं, ते राहू दे. डोहाळजेवण रविवारी. फुलांचे दागिने मी दादरच्या फुलबाजारातून आणते. बसायला झोपाळा नको, तिला त्यावर मळमळतं. ह्याच आरामखुर्चीला झेंडू बांधू. धनुष्यबाण करायचा तर तो नुसता फोटोपुरता. ओटीतली केळी कोणी पळवायची नाहीत, तिलाच लागतात रात्री. आणि त्या झाकलेल्या दोन वाट्या मी भरणार.

सासूबाई : एकीत पेढा, एकीत बर्फी. ती उचलेल ते.

काकू : दोन्हींत बर्फी.

नवरा : काकू! पेढा नको? मग तिने निवड कशातून करायची?

काकू : 2003 साली तुमच्या त्या कायद्याच्या नावात काय घातलं रे? तूच वाचून दाखवलंस ना परवा?

नवरा : लिंग निवडीस प्रतिबंध.

काकू : मग? निवड नाहीच ठेवलेली. मी कायद्याने चालणारी बाई आहे.